क्लेमेंटिना जाकीट निवडते

क्लेमेंटिनाकडे कपडा शिवायला टाकायचा म्हणजे आधी उलटतपासणीला तोंड द्यावं लागे. "हे घालून तू करनार काय?" हा तिचा पहिला प्रश्न. नुसतं "ब्लाऊज शिव" म्हणून भागायचं नाही. तो घालून बसणार की उभी राहणार, हात वर करणार की मिरवणार, हे सगळं तिला कळायला हवं. मी मराठी शाळेत शिक्षिका, दिवसभर फळ्यावर लिहिणारी. तेव्हा माझ्या काखेत ती बोटभर कापड जास्त सोडायची. "ढगळ दिसतं गं," म्हणून मी कुरकुरले की म्हणायची, "पोरांसमोर काखेत उसवला तर कोन हसंल, टीचर? मी का पोरं?" अशी शहाणपण शिकवणारी माणसं मला एरवी सहन होत नाहीत. हिच्यावर मात्र माझा जीव जडला आणि तो कायमचा.

मी लग्न होऊन डोंबिवलीहून ठाण्याला आले ती चौऱ्याऐंशी साली. खाडीच्या बाजूला ख्रिस्ती लोकांची एक जुनी पाखाडी, म्हणजे वस्ती, होती, तिथे आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. समोर क्लेमेंटिनाचं घर. ओटीवर शिलाईमशीन, वर भिंतीला क्रूस, आणि मशीनच्या पायाशी चिंध्यांचं गाठोडं. हे गाठोडं डिसेंबरात कामी यायचं. त्या लोकांत वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘म्हातारा’ जाळतात. जुन्या शर्ट-पँटीत पेंढा भरून केलेला, कोळशाच्या मिशा काढलेला, सरत्या वर्षाचा पुतळा. जाळण्याआधी आठवडाभर त्याला रस्त्याकडेला खुर्चीत बसवून पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागतात. आमच्या पाखाडीचा म्हातारा दर वर्षी क्लेमेंटिनाच शिवायची. त्याला ढेरी हवीच, हा तिचा कायदा होता. ढेरी नसलेला म्हातारा म्हणजे उपाशी गेलेलं वर्ष, असं ती म्हणे.

तिचा नवरा मार्सेल. बापाचा धंदा खाडीत जाळं टाकण्याचा. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, मासा रुसला, तसा मार्सेल फिलिपकडे कामाला लागला. फिलिप आरमारातून निवृत्त झालेला पाणबुड्या. त्याने डोंबिवलीच्या मानपाड्याला एका शेडमध्ये लहानशी कंपनी काढली होती. कल्याण, आंबिवली या बाजूला नदीकाठी कारखान्यांची पंपघरं आहेत. नदीचं पाणी आत ओढतात तिथे लोखंडी जाळ्या असतात. त्यांत जलपर्णी, चिंध्या, पिशव्या, कधी मेलेलं कुत्रं असं सगळं अडकतं. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून खाली जायचं आणि ती जाळी हाताने मोकळी करायची, हे यांचं काम. त्या गढूळ पाण्यात आपलाच हात आपल्याला दिसत नाही. मार्सेलला हे काम मनापासून आवडायचं. "टीचर, खाली एकदम शांत असतं. कोन हाक मारत नाय," असं तो बायकोकडे बघत म्हणायचा.

जाळीच्या पात्यांना लागून यांचे रबरी पोशाख फाटायचे, ते दुरुस्तीला क्लेमेंटिनाकडे यायचे. आत सोल्युशन, वरून जाड दोऱ्याची टीप. मार्सेल घरी फार बोलणारा नव्हता, पण त्याचे कपडे तिच्याशी बोलत. गुडघा फाटला असेल तर आज तळाशी काम होतं. डावी बाही फाटली असेल तर जाळीत हात अडकला होता. हे ती आपल्या मनाशी ठेवायची.

एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर फिलिपने नवीन जाकिटं घ्यायचं ठरवलं. हे जाकीट म्हणजे काय ते मला मार्सेलनेच समजावलं होतं. पाण्यात बुडणं सोपं, वर येणंही सोपं. कठीण आहे ते मधेच थांबणं. बटण दाबलं की पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा जाकिटात शिरते आणि माणूस हलका होतो. दुसरं दाबलं की हवा सुटते आणि माणूस जड होतो. थोडं हे, थोडं ते करत पाहिजे त्या खोलीवर लोंबकळत राहायचं. वर आल्यावर तेच जाकीट टम्म फुगवलं की माणूस तरंगत राहतो. कंपनीत त्याला ‘बीसी’ म्हणत. क्लेमेंटिना जाकीटच म्हणायची. तिच्या मते ज्याला खांदे आहेत आणि बक्कल आहे ते जाकीट.

फिलिपने दोन तऱ्हेची जाकिटं पसंतीसाठी आणली होती. एक गळ्यातलं. मानेभोवती घालून छातीवर येणारं, हवा भरली की छातीवर फुगणारं. दुसरं पाठीचं. त्यात हवेच्या पिशव्या सगळ्या मागे, सिलिंडरच्या दोन्ही अंगांना, आणि पोट-छाती मोकळी. ज्याने त्याने आपलं निवडावं, असं फिलिपचं म्हणणं. मार्सेलने पाठीचं चढवलं, आरशासमोर उभा राहिला आणि जाळीला मिठी मारल्यासारखे हात पुढे केले. "बघ क्लेमी, मधे काय येत नाय. जालीला छाती लावून काम करता येतं. हेच घेनार."

"लग्नात सूट शिवला तवा पन असाच फुगलेलास," क्लेमेंटिना म्हणाली. पण तिचं लक्ष जाकिटाकडे नव्हतं. आदल्याच दिवशी मार्सेलचा रबरी पोशाख दुरुस्तीला आला होता आणि तो तिच्या मांडीवर होता. मानेमागची शिवण उसवलेली होती. पात्याला लागून नव्हे. पातं लागलं की कापल्यासारखं होतं. ही शिवण ताणून, टाका टाका करत सुटलेली होती.

"हे कोनी ओढलं?" तिने विचारलं.

मार्सेल म्हणाला, असंच कुठेतरी अडकलं असेल. फिलिपने एकदम छताकडे बघायला सुरुवात केली. एवढा आरमारात राहिलेला माणूस, पण खोटं बोलायच्या बाबतीत अगदीच कच्चा. क्लेमेंटिनाने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि शांतपणे म्हणाली, "मानूस पुढं पडलेला असला आनी मागून कोनी मानगूट धरून वर खेचलं, तरच अशी उसवते. फिलिप, तू सांग, नायतर चहा मिलनार नाय."

मग ते बाहेर आलं. पंधरवड्यापूर्वी आंबिवलीकडच्या कामावर मार्सेल वर आला, मुखवटा काढला, आणि बोलता बोलता चक्कर येऊन पाण्यात पालथा झाला. फिलिप हाताच्या अंतरावर होता म्हणून निभावलं. "उपाशीपोटी गेलेला, बाकी काय नाय," मार्सेल घाईघाईने म्हणाला. "एकदाच झालं."

त्या दिवशी क्लेमेंटिना ओरडली नाही, याचीच मला भीती वाटली. एरवी बटण तुटलं तरी पाखाडी डोक्यावर घेणारी बाई. तिने दोन्ही जाकिटं ओटीवर ओढली, उलटसुलट करून शिवणी पाहिल्या, पट्टे ताणले, आणि मग विचारलं, "ह्याची शुद्ध गेली तर कोनच्या जाकिटात तोंड वर राहील?"

फिलिप म्हणाला, गळ्यातल्यात. त्याची हवा छातीवर असते, ती माणसाला उताणा करते. पाठीचं माणसाला पुढे ढकलून पालथं पाडू शकतं. मार्सेलने लगेच हरकत घेतली: हे सगळं पुस्तकातलं, सिलिंडर मागे असतो, त्याच्या वजनाने माणूस आपोआप उताणा होतो, आणि छातीवर तो फुगा घेऊन जाळीशी काम करून दाखवा म्हणावं. नवरा-बायकोचं चांगलंच जुंपलं. मीही दोन शब्द सुनावले, पण मार्सेलला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी क्लेमेंटिना म्हणाली, "मी बघून ठरवनार." आणि बघण्यासाठी तिने काय करावं? म्हातारा शिवायला घेतला. डिसेंबर लागलाच होता.

रविवारची चर्चमधली मिस्सा झाल्यावर आम्ही सगळे पाखाडीमागच्या तळ्यावर जमलो. ती, मार्सेल, फिलिप आणि मी. म्हाताऱ्याला तिने खुद्द मार्सेलची जुनी पँट आणि शर्ट घातला होता. त्याच्या अंगावर पाठीचं जाकीट, मागे सिलिंडर, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, सगळं कामावर असतं तसं. फिलिपने जाकिटात हवा भरली आणि म्हाताऱ्याला पाण्यात सोडलं. म्हातारा डुलला, वळला आणि छानपैकी उताणा झाला. ढेरी वर, मिशा वर, आभाळाकडे बघून हसतोय.

"बघ!" मार्सेल नाचायचाच बाकी राहिला. "बघ, तोंड वर हाय का नाय? टीचर, तुम्ही साक्षीदार."

मी साक्षीदार झाले. मलाही पटलं होतं. क्लेमेंटिना मात्र पायरीवर बसून हनुवटीला हात लावून बघत राहिली. मग म्हणाली, "जाकीट काढ त्याचं. सगलं काढ." सगळं काढून म्हाताऱ्याला पुन्हा पाण्यात टाकलं, तर तो तसाच उताणा. तसाच हसतोय. ढेरीत घागरभर पेंढा कोंबलेला. ती कुठल्याही जाकिटात वरच येणार. पिढ्यान्‌पिढ्या जाळण्यासाठी शिवलेला बाप्या तो, बुडण्यासाठी त्याला कुणी कधी शिवलंच नव्हतं.

"माजंच चुकलं," ती म्हणाली. "ढेरी भरायचा हात बसलेला हाय."

पुढच्या रविवारी तिने दुसरा म्हातारा आणला. याच्या पोटात पेंढ्याऐवजी वाळू. मार्सेलच्या वजनाचा व्हावा म्हणून अंदाजाने भरलेली, आणि अंदाज चांगलाच चुकलेला. दोघांनी उचलून पाण्यात सोडला, तर जाकीट, सिलिंडर आणि शिशाच्या पट्ट्यासकट तो जो तळाला गेला तो गेलाच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. फिलिप कपाळाला हात लावून नव्या जाकिटाच्या नावाने शोक करत बसला. मार्सेलला गार पाण्यात बुडी मारून, चिखलातून म्हाताऱ्याला सोडवून सगळं वर आणावं लागलं. पाखाडीतली पोरं काठावर येऊन ओरडायला लागली की आमचा म्हातारा वर्ष संपायच्या आधीच मारला. क्लेमेंटिनाने त्यांना तिथूनच दम भरला की हा वेगळा, तुमचा घरी आहे.

मी हसून हसून पायरीवर बसले. तिला मात्र हसू येत नव्हतं.

"आता तू जा," ती मार्सेलला म्हणाली. "शुद्ध गेल्यासारखा पड."

मार्सेलने पाठीचं जाकीट चढवलं आणि मोठ्या ऐटीत पाण्यात उतरून अंग सैल सोडलं. उताणा तरंगला. डोळे मिटलेले, हात पसरलेले. तिने वाकून पाहिलं आणि तडक म्हणाली, "मानेची शीर बघ कशी ताठलीय. मेलेला मानूस मान सांभालतो काय रे?" मार्सेलने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो मुद्दाम फसवत होता असं मला वाटत नाही. जन्मापासून पाण्यात वाढलेलं शरीर ते. त्याला पाण्यात सैल पडायला सांगा, ते आपोआप आपला बचाव करतं. ज्याला पोहता येतं त्याला बुडायचं नाटक जमत नाही, हे त्या दिवशी मला कळलं.

आमच्या चौघांत पोहायला न येणाऱ्या दोघीच होत्या. क्लेमेंटिनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान जोरात हलवली. तेवढी मैत्री माझी नव्हती.

"मला बांध," ती मार्सेलला म्हणाली.

त्याला आधी ती थट्टाच वाटली. मग तिने झग्याखाली त्याची जुनी पँट चढवली, झगा आत खोचला आणि हात पसरून उभी राहिली. हसत हसत तो तिच्या अंगावर पाठीच्या जाकिटाचे पट्टे आवळायला लागला. आयुष्यभर टेप घेऊन ती त्याची मापं घेत आली होती. आता तो तिच्या खांद्यावरचा पट्टा सारखा करत होता, बक्कल टोचत तर नाही ना म्हणून खाली बोट घालून बघत होता. त्याचे हात फार हळुवार होते. मला ते बघायला बरं वाटलं आणि उगीच इकडेतिकडे बघावंसंही वाटलं.

पायऱ्यांच्या कडेला गळाभर पाणी होतं. ती कठड्याला धरून उतरली, पाण्याच्या गारठ्याने एकदा "जेजू!" म्हणून ओरडली. फिलिपने जाकीट फुगवलं. पाय तळापासून सुटले तशी ती घाबरीघुबरी झाली, पायरीवरच्या मार्सेलचा हात घट्ट धरून राहिली. थोड्या वेळाने तिने तो सोडला. "मी पडते हां," म्हणाली, आणि तिने अंग टाकून दिलं.

क्षणभर ती नुसती उभीच डुलली. मग पाठीवरच्या पिशव्यांनी तिला सावकाश पुढे कलवलं. मान पुढे गेली, कपाळ गेलं, नाक गेलं. पाण्यावर राहिला तो सिलिंडर आणि तिचा सुटलेला अंबाडा.

"बस, समजलं," मार्सेल हसत म्हणाला. "उठ, क्लेमी."

ती उठली नाही. हात दोन्ही बाजूंना पाण्यावर पसरलेले, झग्याची बाही हळूहळू हलतेय. "क्लेमी, पुरे झालं गो," तो पुन्हा म्हणाला, पण आता हसणं गेलं होतं. मी ओरडले, "अहो, बघत काय बसलाय, काढा तिला!" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो पाण्यात होता. त्याने तिची मानगूट धरून तिला उलटी केली, आणि ती धरताना झग्याची शिवण टरकन उसवल्याचा आवाज मी ऐकला.

ती खोकली. नाकातून पाणी आलं. डोळे उघडले आणि म्हणाली, "बघितलं?"

पायरीवर तिला मांडीवर घेऊन मार्सेल बसून राहिला. आम्हा दोघांदेखत एवढा मोठा बाप्या हमसून हमसून रडला, आणि मग खाली बघत म्हणाला, "तीनदा झालंय, क्लेमी. फिलिपला एकदाच ठावं हाय. एकदा मोटारसायकलवर झालं. एकदा खाली, जालीपाशी. जाली धरून राहिलो, मंग आपोआप भान आलं."

फिलिपचा चेहरा उतरला. क्लेमेंटिनाने हात वर करून मार्सेलच्या ओल्या केसांवरून फिरवला आणि फिलिपला म्हणाली, "ही दोनी जाकिटं घेऊन जा. ह्याला कोनचंच नको."

खरं सांगायचं तर मला तेव्हा तिचा राग आला. गळ्यातलं घ्यायला लावायचं म्हणून एवढा खटाटोप केला, आणि ते सिद्ध झाल्यावर तेही नको? मग माझ्या लक्षात आलं की जाकीट माणसाला पाण्यावर उताणं ठेवील. पण तळाशी जाळीपाशी येणाऱ्या चक्करेला कुठलंच जाकीट पुरं पडणार नव्हतं. तिला ते माझ्या आधी कळलं होतं. कल्याणच्या डॉक्टरांनी पुढे तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि पाण्याखाली जायला कायमची बंदी केली.

मार्सेलने वर्षभर घर डोक्यावर घेतलं. जेवण खारट, मशीनचा आवाज मोठा, कुत्रा आळशी. क्लेमेंटिनाने ते सगळं ऐकून घेतलं, जी बाई माझं एक वाक्य ऐकून घेत नसे. फिलिपने त्याला काढलं नाही. खाली जाणाऱ्याच्या कमरेला दोर असतो. वरच्या माणसाने तो हातात धरून बसायचं, खालचे इशारे ओळखायचे, गडबड वाटली की ओढायचं. ते काम त्याने मार्सेलला दिलं. आधी मार्सेलला ते म्हाताऱ्यांचं काम वाटलं. पण दोराला जरा हिसका बसला की पाण्यात काय चाललंय ते त्याला कळायचं, कारण तिथे तो स्वतः जाऊन आला होता. हळूहळू कंपनीतले पाणबुडे म्हणायला लागले की दोरावर मार्सेलच हवा.

पुढच्या हिवाळ्यात फिलिप पुन्हा ओटीवर येऊन बसला. जाकिटं घ्यायचीच होती, आणि आता क्लेमेंटिनाला विचारल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नव्हता. कोणतं घेऊ, म्हणाला.

"तू जालीला छाती लावून काम करतोस का नाय?"

"करतो."

"वर दोर कोन धरतो?"

"मार्सेल."

"मंग पाठीचं घे," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं. मार्सेल आतल्या खोलीत होता. त्याला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने ती बोलली होती. त्या दिवशी जेवण खारट झालं नाही.

आम्ही सत्त्याण्णव साली डोंबिवलीला परत आलो. तरी ब्लाऊज शिवायला मी ठाण्यालाच जायची. अशीच एकदा तिच्या ओटीवर बसले होते. मार्सेल कामावर गेलेला. मी तिला विचारलं, "त्या दिवशी तळ्यात पालथी पडलीस, पोहता येत नाही, आणि उठली नाहीस. भीती नाही वाटली?"

"भ्याले तर," ती म्हणाली. "डोले उघडे ठेवलेले. सगलं हिरवंकालं, काय दिसत नव्हतं. म्हटलं, हा रोज ह्याच्यात जातो."

"मग उठायचं नाही का? हात वर करायचा."

तिने टीप घालणं थांबवलं. दोरा दातांनी तोडला.

"त्याची हाक ऐकू येत होती ना, टीचर. हसत होता मेला. छाती फुटायला आलेली माजी, आनी मी मनात म्हनत होते, मार्सेल, आत्ताच येऊ नको. नीट घाबर, मंग ये."